अंगण कुणाला हवं होतं

आमच्या घरमालकांचा मुलगा बंगळूरची नोकरी सोडून कोल्हापुरात परत यायचा ठरला आणि आम्हाला घर शोधावं लागलं. मालक भला माणूस. त्यांनी आम्हाला खाली बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, दिवाळी करून मग सोडा, घाई नाही. राजारामपुरीतल्या त्या वरच्या मजल्यावर आमची मुलगी रांगली, शाळेत गेली, आता अकरावीत होती. एवढी वर्षं भाड्यानं काढली, आता पुढचं घर आपलंच घ्यायचं, हे नवऱ्याचं आणि माझं जिना चढता चढताच ठरलं. कसलं घर घ्यायचं, यावर मात्र त्या जेवणात आणि पुढच्या कितीतरी जेवणांत बोलणं चाललं.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सासूबाई आमच्याबरोबर असतात. सासरे गेल्यावर नेसरीजवळच्या गावातून नवऱ्यानं त्यांना इकडं आणलं. आमचं गावातलं घर वस्तीच्या टोकाला, पुढं मोठं मातीचं अंगण, अंगणापलीकडं शेतं. जन्मभर दुसऱ्याच्या आणि मग थोड्या स्वतःच्या रानात राबलेल्या सासूबाई शहरात आल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून तासन्‌तास रस्ता बघत बसत. ते बघून आम्हा दोघांनाही वाटायचं, बाईचा जीव कोंडतोय.

"फ्लॅटचं नावच काढू नकोस," नवरा म्हणाला. "आईला पायाखाली जमीन लागते. लांब असलं तरी चालेल, पण बैठं घर घ्यायचं. पुढं अंगण पाहिजे. एखादं आंब्याचं झाड."

"कढीपत्ता, जास्वंद," मी म्हटलं. "मागं धुणं-भांड्याला जागा."

मुलगी म्हणाली, तिला खोलीला कडी असलेलं दार हवं, बाकी काही नको. सासूबाई भाकरीचा तुकडा मोडत होत्या. "तुमी म्हनशीला तसं," एवढंच त्या म्हणाल्या. ते आम्ही होकार म्हणून धरलं.

त्यानंतर आमचे रविवार घरं बघण्यात जायला लागले. नवऱ्याच्या शाळेतल्या कुणीतरी एक एजंट गाठून दिला होता. अंगानं भरलेला, डोळ्यांवर गॉगल, मोटारसायकलवर आमच्या जुन्या गाडीच्या पुढं पुढं चालायचा आणि प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून आम्हाला खूण करायचा. सासूबाई पहिल्याच रविवारी इरकल नेसून, पिशवी घेऊन, आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. घर बघून झालं की परतताना लोणी डोसा खायचा, हा पायंडा त्यांनीच पाडला.

पहिलं घर नदीच्या बाजूचं होतं. छोटासा बंगला, पुढं फरसबंदी, फाटकावर मधुमालतीचा वेल. एजंट दारातच सुरू झाला, "पावणं, वास्तू शंभर टक्के. ईशान्येला पाणी, आग्नेयेला किचन. असलं घर हुडकून घावणार न्हाय."

"आम्ही वास्तू बघत नाही," नवरा म्हणाला. "पुराचं पाणी कुठवर येतं ते सांगा."

वास्तू न बघणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. तो जरा गडबडला. "पाणी? हितं? हितं कशाला येतंय पाणी."

नवरा फाटकाबाहेर जाऊन रस्त्याचा उतार बघायला लागला. मी आतल्या भिंतींकडं बघत होते. रंग नवीन होता, पण छताखालचा एक पट्टा किंचित वेगळा पिवळा दिसत होता. सासूबाई कुठं दिसेनात. थोड्या वेळानं त्या शेजारच्या घरातून तोंड पुसत बाहेर आल्या.

"ती बाई म्हनतीया, पुरात हितलं पंखं भिजल्तं," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"आजी, ते एकदाच आल्तं," एजंट म्हणाला.

"व्हय की. पन आल्तं न्हवं?"

आम्ही डोसे खायला गेलो.

मग असे बरेच रविवार गेले. एका घराला अंगण होतं, पण त्यातून शेजाऱ्याचा येण्याजाण्याचा हक्क होता. एका घराला आंब्याचं झाड होतं, पण घर असं काही नव्हतंच, नुसत्या भिंती. प्रत्येक ठिकाणी सासूबाई आमच्याबरोबर खोल्या बघायच्या, मग एकट्याच शेजारीपाजारी चक्कर मारून यायच्या. येताना खबर आणायच्या. इथं नळ एक दिवसाआड येतो, तिथं वरच्या मजल्यावरची दोघं रोज भांडतात. आम्ही दोघं हसायचो. शिकलेल्या आम्हा दोघांपेक्षा चौकशीचं काम त्यांना बरं जमतंय, असं नवरा कौतुकानं म्हणायचा.

पेठेतलं घर बघायला गेलो तेव्हा मला मनापासून वाटलं, हेच. दुमजली, अरुंद, पण नीटनेटकं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि खिडकीखाली लांबच लांब काळ्या दगडाचा ओटा. मागं छोटं अंगण, त्यात पारिजातक. मालक निवृत्त, बोलायला मऊ. त्यांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. पावसाळ्यात कुठं ओल येते तेसुद्धा लपवलं नाही. मला माणूस आवडला.

सोप्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"नेसरीकडचे," नवरा म्हणाला.

"आडनाव?"

नवऱ्यानं सांगितलं. मालक जरा थांबले. मग त्यांनी शाळेची चौकशी केली, पावसाचं बोलले आणि म्हणाले, "घरच्यांशी एकदा बोलतो आणि कळवतो."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पावणं, तांब्याभर पानी द्या की."

मालकांनी आत बघितलं. आत पडद्यामागं कुणीतरी उभं होतं, पण बाहेर आलं नाही. मालकांनी पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि सीलबंद बाटली घेऊन आले. "घ्या आजी, गार आहे," असं म्हणत त्यांनी ती पुढं केली. सासूबाईंनी बाटली घेतली, न उघडता शेजारच्या कट्ट्यावर ठेवली आणि उठल्या. "ऱ्हाऊ द्या. यितो आमी."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आई, तहान लागली होती तर दोन घोट प्यायचं होतं ना."

"तान कुटं लागल्ती," त्या म्हणाल्या. "मी बगतो, तांब्यातनं देत्यात का."

मला क्षणभर कळलं नाही. नवऱ्याला कळलं असावं, कारण त्यानं गाडी कडेला घेतली.

"बारकी हुतो तवा आमाला वरनं वंजळीत वतायची," त्या खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. आवाज बाजारात वांगं निवडताना असतो तसाच. "आता कोन तसं करत न्हाय, ते म्हाईत हाय मला. पन ऱ्हायला जायाचं म्हटल्यावर बगाय नको?"

"सगळीकडं मागत होतीस तू पाणी?" नवऱ्यानं विचारलं. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्हाला वाटत होतं, त्या नळाची आणि भांडणांची माहिती काढताहेत.

"व्हय की. त्या पुराच्या घराशेजारची बाई लई चांगली. पानी दिलं, चा बी दिल्ता. पर घरच बुडतंय, त्याला ती तरी काय करनार."

नवरा हसला, मग मीही हसले. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मालकांचा विचार बदलला, सध्या विकणार नाहीत. नवरा "ठीक आहे" म्हणाला आणि पेपर तपासत बसला. मी मात्र लॅबमध्ये दिवसभर धुसफुसत होते. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणायचं. मला राग आला तो त्या गार बाटलीचा. पुढं बरेच दिवस त्या घराला 'विकणे आहे'ची पाटी तशीच होती. सासूबाईंनी त्या घराचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी परतताना त्यांनी डोसा मात्र नेहमीसारखाच खाल्ला, वर आणखी लोणी मागून घेतलं.

मग उचगावातलं घर मिळालं. मिळालं म्हणजे जवळजवळ मिळालंच. मालक कारखान्यात कामाला होते, मुलीकडं राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलं होतं. तीन खोल्या, स्लॅब पक्का, गच्ची. पुढं ऐसपैस अंगण, कडेला आंबा, त्याच्या बुंध्याशी बसायला पार बांधलेला. मालकीणबाई हसऱ्या. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून समोर ठेवला. मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा आंब्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा न बघितलेला आनंद होता.

"आई, ये बघ," तो म्हणाला. "हे अंगण तुझं. सकाळचं ऊन इथं येणार. तू इथं पारावर बसायचंस."

सासूबाईंनी अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. वर आंब्याकडं बघितलं. खाली पडलेला पाचोळा पायानं जरा बाजूला केला.

"झाडायचं कुनी?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाय, इचारतो आपलं. रोज सकाळी ह्ये एवढं झाडायचं कुनी? तू शाळंत जानार. ही दवाखान्यात. पोरगी तर नऊ वाजता उटतीया."

"बाई लावू की, आई."

"बाई सनाला रजा घिल. मग मीच." त्या पारावर बसल्या. "बाळ, सात वर्साची हुतो तवापासनं अंगान झाडतोय मी. झाडायचं, सडा टाकायचा, सारवायचं. पावसात चिखल, उनात धुरळा. तुज्या बाच्या घरात आलो तर ते अंगान आनि दुप्पट मोटं. मला न्हाय पायजे अंगान."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमाला पायजे म्हून गप बसलो. तुमी दोगं रोज जेवताना अंगान अंगान करत हुतासा."

मालकीणबाई आधी हसल्या. त्यांचं पोट हलायला लागलं, मग त्यांचे मालक हसले, आणि मग आमचाही इलाज चालेना. इतके महिने आम्ही ज्या माणसासाठी अंगण शोधत होतो, त्याला तेच नको होतं. ते अंगण नवऱ्याला हवं होतं, आणि थोडं मला. आम्ही दोघंही ते बिनदिक्कत त्यांच्या नावावर मागत फिरत होतो.

"मग तुम्हाला कसलं घर पाहिजे, आई?" मी विचारलं. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"उंचावरचं," त्या लगेच म्हणाल्या. उत्तर तयारच होतं. "लिफ्टचं. दार लावलं की घर झालं असलं. आनि गॅलरी पायजे मोटी. आता हाय त्यातनं नुसता रस्ता दिसतोय. मला लांबचं बगायचं हाय."

उचगावच्या मालकीणबाईंनी आम्हाला तसंच जेवायला बसवलं. घर घेणार नाही हे कळल्यावर जेवायला घालणारी ही एकच मालकीण आम्हाला भेटली.

एजंटला नवऱ्यानं फोन करून सांगितलं, आता फ्लॅट दाखवा, उंचावरचे. तो म्हणाला, "सर, आधी बोलायचं न्हाई का? माझं पेट्रोल तरी वाचलं असतं."

शहराच्या चढाच्या बाजूला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यानं दाखवला. लिफ्टमध्ये सासूबाईंनी त्याला बटण दाबू दिलं नाही. कुठलं बटण ते विचारून स्वतः दाबलं आणि वर पोचेपर्यंत आकडे बदलताना बघत राहिल्या. फ्लॅट दोन बेडरूमचा, वापरलेला. आधीच्या लोकांनी हॉलच्या एका भिंतीला जांभळा रंग दिला होता, तो बघून मुलगी "हा माझ्या खोलीला हवा" म्हणाली. स्वयंपाकघर पेठेतल्याएवढं मोठं नव्हतं, ओटा आखूड होता. पण गॅलरी खरंच मोठी होती. नवरा कठड्याशी उभा राहिला आणि त्याच्यातला भूगोलाचा मास्तर जागा झाला.

"तो जोतिबाचा डोंगर. त्याच्या डावीकडं धुरकट दिसतोय तो पन्हाळा. पाणी सगळं त्या बाजूला उतरतं. इथं पूर येणं शक्य नाही."

"आनि नेसरी?" सासूबाईंनी विचारलं.

"नेसरी मागं, दक्षिणेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघ. एवढ्या लांबचं दिसणार नाही, पण बाजू तीच."

त्या स्वयंपाकघरात जाऊन बघून आल्या. मग समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

दार उघडलं ते साधारण त्यांच्याच वयाच्या, पांढऱ्या शुभ्र केसांच्या आजींनी. निपाणीकडच्या जैन शेतकरी कुटुंबातल्या, मुलाच्या धंद्यामुळं कोल्हापुरात आलेल्या. पुढं आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायला लागलो. सासूबाईंनी पाणी मागितलं. अक्का म्हणाल्या, "बा ग, तंगी. आत ये. दारात का उभारलीयास?"

त्या सीमेकडच्या बोलीत बा म्हणजे ये, आणि तंगी म्हणजे धाकटी बहीण. सासूबाईंना ते समजावून सांगायला लागलं नाही, त्यांचं माहेर तिकडंच. त्या आत गेल्या. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

अक्कांनी गाव विचारलं, शेत विचारलं, सून काय करते ते विचारलं. मग सासूबाईंनीच सांगून टाकलं, "आमी बौद्ध हाय."

"आमी जैन," अक्का म्हणाल्या. "तुमची मूर्ती नि आमची मूर्ती, दोगं बी डोळं मिटून बसल्यात."

"आमच्यात ऐतवारी मटन असतंय. चालंल न्हवं?"

अक्का जरा विचारात पडल्या. "दार लावून करा," त्या म्हणाल्या. "वास आला तर मी खिडकी लावतो. तुमचं तुमी, आमचं आमी. पन आंबाडीची भाजी केली तर मला द्यायची. आमच्या सुनंला जमत न्हाय."

सासूबाई परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. लिफ्टपाशी आल्यावर माझ्या कानाशी म्हणाल्या, "पानी कोमट हुतं. ती लोकं उकळून पित्यात. पन लोटी काठोकाठ भरून दिली." मग बटण दाबलं. "ह्येच घ्या, पोरी."

घेतलं. कर्जाची धावाधाव, सह्या, खेटे सगळं झालं, ते कुणालाच चुकत नाही. दिवाळी झाल्यावर आम्ही राहायला आलो. पहिल्या सकाळी हॉलमध्ये बुद्धवंदना केली, खीर केली आणि मजल्यावर वाटली. नवऱ्यानं गॅलरीत कुंड्या आणून त्यात कढीपत्ता आणि जास्वंद लावली. पुढच्या उन्हाळ्यात एका मोठ्या कुंडीत आंब्याची कोयसुद्धा रुजवली. या सगळ्याचा पाचोळा तो स्वतः झाडतो. सासूबाई खुर्चीत बसून त्याला कुठं राहिलंय ते दाखवतात.

अक्का सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्या जेवल्या की दोघी लिफ्टनं खाली जातात आणि पार्किंगच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करतात. इमारतीत कुणाकडं काय चाललंय ते आम्हाला आता त्यांच्याकडूनच कळतं.

परवा सोसायटीची बैठक झाली. गच्चीची गळती, पाण्याचा टँकर असे विषय होते. मग एका सभासदानं सुचवलं की घरकामाला येणाऱ्या बायकांनी आणि सामान पोचवणाऱ्या मुलांनी लिफ्ट न वापरता जिन्यानं यावं, लिफ्ट सारखी अडकून पडते. दोन-चार माना हलल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. तेवढ्यात सासूबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. बैठकीला त्या अशाच, विरंगुळा म्हणून आल्या होत्या.

"असं असंल तर मी बी जिन्यानं येतो," त्या म्हणाल्या. "मी बी जल्मभर दुसऱ्याचंच काम केलंया. आनि माज्यासंगट ह्या अक्का बी येतील."

अक्कांचे दोन्ही गुडघे दुखरे. त्यांनी सासूबाईंकडं वळून बघितलं. "मला कशाला घालतीस ग मदी?" म्हणाल्या. मग समोर बसलेल्या आपल्याच मुलाकडं बघून, जरा मोठ्यानं, "पन ही चढली तर मलाबी चढाय लागंल. एकटी कशी सोडू?"

अक्कांचा मुलगा सोसायटीचा चेअरमन. त्याच्या डोळ्यांपुढं आई सहा मजले चढताना उभी राहिली असावी. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "लिफ्टवाल्याला बोलावून दुरुस्तीचं बघू. हा विषय राहू दे." ज्यानं सुचवलं होतं तोही टँकरकडं वळला. बैठक संपल्यावर चहा आला, दोघींनी बशीत ओतून घेतला, आणि आंबाडीला गूळ किती घालायचा यावर त्यांचं जे सुरू झालं, ते आम्ही खुर्च्या गोळा करेपर्यंत चाललं होतं.